विजेची शिकवण : पाणी, दोरी आणि मोंढ्याच्या गाड्या

नववीच्या वर्गांतील एखाद्या मुलापुढें टॉर्चचा एक लहानसा दिवा, दीड व्होल्टचा एक घट आणि वीतभर तांब्याची तार ठेवावी, आणि "हा दिवा लावून दाखव" एवढेंच सांगावें. मुलगा हुशार असतो. ओहमचा नियम त्यास तोंडपाठ असतो. विभवांतर, धारा आणि रोध या तिहींपैकीं कोणतेहि दोन अंक दिले तर तिसरा तो क्षणांत काढून देतो. परंतु दिवा हातीं आल्यावर बहुधा तो तारेचें एक टोंक घटाच्या वरच्या बोंडास टेकवितो, दुसरें दिव्याच्या बुडाशीं लावतो आणि दिवा उजळण्याची वाट पाहतो. दिवा लागत नाहीं. मग तो म्हणतो, "सर, सेल उतरलाय."

सेल उतरलेला नसतो. हा प्रकार केवळ खेड्यांतील शाळांतच घडतो असेंहि नव्हे. अमेरिकेंत १९९७ साली निघालेल्या एका शैक्षणिक चित्रपटांत हार्वर्ड आणि एमआयटी या जगद्विख्यात विद्यापीठांतून नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडलेले तरुण दाखविले आहेत. त्यांच्या हातीं हींच तीन साधनें दिलीं, आणि त्यांतील कित्येकांना दिवा लावतां आला नाहीं. तेव्हां जालना जिल्ह्यांतील चौदा वर्षांच्या मुलास यांत लाज वाटण्याचें कारण नाहीं. त्याच्या मनांत विजेचें जें चित्र आहे तें मात्र नीट पाहिलें पाहिजे.

तें चित्र असें असतें : वीज ही घटांतून निघते, तारेनें चालत जाते आणि दिव्यांत पोंचून संपते. नळाचें पाणी बादलींत पडतें, त्यास परतीची वाट कशास हवी? भाषाहि त्याच चित्रास दुजोरा देते. "लाइट आली", "लाइट गेली", "किती युनिट जळाले", "करंट लागला", हे घरोघरचे शब्द आहेत आणि त्यांत कांहीं वावगें नाहीं. पण या शब्दांतून मुलाच्या कानीं सदैव एकच गोष्ट पडते कीं, वीज ही येणारी, जळणारी आणि संपणारी वस्तु आहे. खर्च होते ती ऊर्जा. प्रवाह मात्र जेवढा दिव्यांत शिरतो तेवढाच दिव्यांतून बाहेर पडतो, आणि घटाकडे परत जातो. दिव्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक अँमीटर बसवून पाहिलें तर दोहोंचा काटा एकाच अंकावर उभा राहतो. हें पाहण्यापूर्वीं मुलांना त्यांचा अंदाज वहींत लिहावयास लावावा. निम्म्याहून अधिक मुलें "पलीकडचा अंक कमी येईल" असें लिहितील. पांच युरोपीय देशांतील विद्यार्थ्यांची याच विषयांत घेतलेली तपासणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. भाषा निराळ्या, पुस्तकें निराळीं, पण चुका बहुतांशीं सारख्याच, असा तिचा निष्कर्ष होता.

ही चूक परीक्षेंतील दोन गुण घालविते एवढेंच असतें, तर तिची इतकी काळजी करण्याचें कारण नव्हतें. परंतु १९८१ च्या मे महिन्यांत स्वतंत्र झालेला हा जिल्हा शेतकऱ्यांचा आहे. शेतीपंपांस तीन फेजची वीज पाळीपाळीनें मिळते, आणि ती पाळी पुष्कळदां रात्रीची असते. मोटर चालू करावयास जाणारा कित्येक घरीं हाच नववी-दहावींतला मुलगा असतो. पाय चिखलांत, हात स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीवर. वीज एका तारेनें येते आणि मोटरींत संपते असें ज्याच्या मनांत पक्कें बसलें आहे, त्यास ओल्या पायांचा या व्यवहाराशीं संबंध काय तें कसें कळावें?

वीज डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून तिची ओळख उपमेनेंच करून द्यावी लागते. सर्वांत जुनी उपमा पाण्याची, आणि जालन्याच्या मुलांसाठीं ती दारांतच उभी आहे. निजामी राजवटींत बांधलेला घाणेवाडीचा तलाव शहराहून उंचावर आहे. त्यामुळें त्याचें पाणी पंपावांचून, केवळ उतारानें शहराकडे येतें. पैठणजवळच्या जायकवाडी जलाशयाची गोष्ट उलट आहे. तो जालन्याहून खोल, म्हणून त्याचें पाणी पंपानें वर चढवून आणावें लागतें. या दोन योजना मुलांपुढें ठेवल्या कीं, विभवांतर म्हणजे काय तें निम्में समजलें. पाणी वाहण्यास नुसतें पाणी असून भागत नाहीं; दोन ठिकाणच्या पातळींत फरक असावा लागतो, आणि तो निसर्गतः नसेल तर पंपानें निर्माण करावा लागतो. विजेचा घट हा असा पंप आहे. तो वीज "तयार" करीत नाहीं. तारेंत आधींच असलेल्या विजेस तो पुढें ढकलतो.

ठिबकच्या नळीनें ही उपमा आणखी पुढें नेतां येते. मोसंबीच्या किंवा द्राक्षांच्या बागेंत वाढलेल्या मुलास हें ठाऊक असतें कीं, सोळा मिलीमीटरची नळी वाजवीपेक्षां लांब नेली तर शेवटच्या झाडापाशीं थेंब मंद पडतात. तारेचेंहि तसेंच आहे. डीपीपासून शेवटच्या विहिरीपर्यंत तार जितकी लांब आणि जितकी बारीक, तितका वाटेंतच दाब खर्च होतो; आणि त्या तारेवर एकाच वेळीं दहा मोटरी चालूं लागल्या म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याच्या वांट्यास दोनशेंतीस व्होल्टऐवजीं एकशेंसत्तर-ऐंशींच उरतात. "व्होल्टेज नाहीं" असें तो म्हणतो, तें शास्त्रदृष्ट्या अगदीं बरोबर आहे.

परंतु येथेंच एक चतुर मुलगा विचारील कीं, दाब कमी झाला म्हणजे प्रवाहहि कमी झाला पाहिजे, मग कमी व्होल्टेजवर मोटर जळते कां? प्रश्न बिनतोड आहे, आणि पाण्याच्या उपमेंत त्याचें उत्तर नाहीं. फिरणारी मोटर ही नुसती अरुंद नळी नव्हे. फिरतां फिरतां ती स्वतः उलट दिशेचा दाब निर्माण करिते, आणि त्या उलट दाबामुळेंच तिच्यांतील प्रवाह आटोक्यांत राहतो. व्होल्टेज पडलें कीं पंपाचा भार उचलतांना मोटर रेंगाळते, तिचा उलट दाब घटतो आणि प्रवाह वाढतो. घूं घूं असा आवाज येऊं लागतो आणि वेटोळें तापून जळतें. शिक्षकानें अशा वेळीं उपमा ताणूं नये. "पाण्याची गोष्ट येथें थांबली" असें सरळ सांगावें.

ज्या ओहमचें नांव या नियमास मिळालें त्यानेंहि उपमेचाच आधार घेतला होता, पण ती पाण्याची नव्हती. जॉर्ज सायमन ओहम हा जर्मनींतील एर्लांगेन येथील एका कुलूपकाराचा मुलगा. कोलोन येथील शाळेंत तो गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत असे. फ्रान्समधील गणिती फूरिए यानें १८२२ साली उष्णतेवर ग्रंथ लिहिला होता. सळईच्या दोन टोंकांच्या तपमानांत जितका फरक, तितकी उष्णता तिच्यांतून अधिक वाहते, हें त्यांत गणितानें मांडलें होतें. ओहमनें मनाशीं म्हटलें असावें कीं, तारेंतील विजेचेंहि असेंच कां नसावें? त्या काळचे घट फार चंचल. प्रयोग चालूं असतांच त्यांचा जोर ओसरे. म्हणून १८२६ साली त्यानें बिस्मथ आणि तांबें यांच्या जोडाचें एक टोंक उकळत्या पाण्यांत आणि दुसरें बर्फांत ठेवून अगदीं स्थिर असा दाब मिळविला, निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून पाहिल्या, आणि १८२७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वदेशांत त्याचें स्वागत थंडच झालें. पुढच्याच वर्षीं त्यानें कोलोनची नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कोप्ले पदक दिलें तें १८४१ साली. एका शाळामास्तरानें, शाळेच्याच प्रयोगशाळेंत, दुसऱ्या शास्त्रांतील उपमा उसनी घेऊन हा नियम काढला, ही गोष्ट वर्गांत अवश्य सांगण्यासारखी आहे. पाठ्यपुस्तकांतील सूत्र त्यामुळें माणसाळतें.

पाण्याच्या उपमेंत आणखी तीन खोट्या गोष्टी आहेत. नळ कापला तर पाणी सांडतें. तार कापली तर वीज सांडत नाहीं, प्रवाह जागच्या जागीं थांबतो. कोरड्या नळींत पाणी आधीं भरावें लागतें. तांब्याची तार मात्र मुक्त इलेक्ट्रॉनांनीं जन्मापासूनच भरलेली असते. तिसरी गोष्ट शिक्षकांच्याहि सहसा ध्यानांत येत नाहीं. मोठ्या नळांतून खळाळत वाहणाऱ्या पाण्याचा दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होत नाहीं, बराच कमी वाढतो. दाबाच्या प्रमाणांत प्रवाह वाढतो तो अगदीं बारीक नळीच्या संथ प्रवाहांतच. धातूची तार मात्र तपमान तेंच राहिलें तर ओहमचा नियम फार कांटेकोरपणें पाळते. म्हणजे या बाबतींत वीजच पाण्यापेक्षां अधिक सरळमार्गी आहे!

"वीज संपते" ही समजूत घालविण्यास पाण्याहून दोरी बरी. वर्गांतील तीस मुलांना गोल उभें करावें. सुती दोरीची, दोन्ही टोंकें गांठून केलेली, एक लांब माळ सर्वांच्या सैल मुठींतून ओवावी. शिक्षक म्हणजे घट. त्यानें दोरी एका हातानें ओढावी आणि दुसऱ्या हातानें पुढें सोडावी. दोरी हलतांच ती सगळीकडे एकदम हलते. शिक्षकाजवळच्या मुलापाशीं आधीं आणि समोरच्या मुलीपाशीं मागाहून, असें होत नाहीं. आतां एका मुलास मूठ आवळावयास सांगावें. हा दिवा. त्याच्या तळव्यास चटका बसूं लागतो आणि तो ओरडतो, "सर, हात तापला!" त्याच क्षणीं साऱ्या वर्तुळांतील दोरीची गति मंदावलेली असते, केवळ त्याच्या पुढचीच नव्हे. दुसऱ्या मुलानें मूठ आवळली तर ती आणखी मंदावते, आणि दोघांचे हात पूर्वींपेक्षां कमी तापतात. एकसर जोडणींत दुसरा दिवा लावतांच पहिलाहि मंद कां होतो, हें अँमीटरावांचून, सूत्रावांचून मुलांच्या हातांना समजतें. तासाअखेरीस दोरी मोजून पाहिली तर ती होती तेवढीच असते. संपली ती शिक्षकाच्या दंडांतील ताकद.

या खेळास खर्च दोरीचा. मात्र तो खेळवून घेणाऱ्यानें आधीं शंभरदां सांगावें कीं, दोरी जोरानें हिसकावूं नये. नाहीं तर शास्त्राऐवजीं रस्सीखेच सुरू होते आणि शेजारच्या वर्गाचे शिक्षक दारांत येऊन उभे राहतात.

दोरीची तिसरी बहीण म्हणजे गाड्यांची रांग. मराठवाड्यांत मोंढा ठाऊक नाहीं असें मूल नाहीं. कल्पना अशी करावी कीं, मोंढ्यांतून सरकीचीं पोतीं भरून बैलगाड्यांची अखंड रांग तेलाच्या गिरणीकडे जाते, तेथें पोतीं उतरतात, आणि रिकाम्या गाड्या दुसऱ्या रस्त्यानें मोंढ्यांत परत येतात. गाड्या म्हणजे इलेक्ट्रॉन, पोतीं म्हणजे ऊर्जा. एका मिनिटांत नाक्यावरून किती गाड्या गेल्या ती धारा, आणि एका गाडींत किती पोतीं तें विभवांतर. गाड्या संपत नाहींत, पोतीं संपतात. धारा आणि ऊर्जा यांचा जो गोंधळ मुलांच्या मनांत असतो तो इतक्या स्वच्छपणें दुसऱ्या कोणत्याहि उपमेनें सुटत नाहीं. वीजबिलावरील युनिट हें पोत्यांचें माप आहे, गाड्यांचें नव्हे, हेंहि येथेंच सांगून टाकावें.

तथापि मागच्या बाकावरची एखादी मुलगी विचारतेच, "सर, पण पहिल्या दिव्यापाशीं गाडीवानाला कसं कळतं, की पुढं आणखी एक दिवा आहे, अर्धीच पोती उतरवायची?" या प्रश्नास शाबासकी दिली पाहिजे, कारण गाडीवानास तें कळत नाहीं. गाड्यांची उपमा येथें निरुत्तर होते, आणि पुन्हां दोरीकडे जावें लागतें : साऱ्या फेऱ्यांत एकाच वेळीं बदल होतो, एकेक गाडी पुढें जाऊन बातमी आणीत नाहीं.

गाड्यांच्या वेगाचाहि हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक चौरस मिलीमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेंतून एक अँपिअर धारा वाहत असतां इलेक्ट्रॉन सेकंदास सरासरी ०.०७ मिलीमीटरच्या सुमारास पुढें सरकतात. म्हणजे एक मीटर तार ओलांडण्यास त्यांस पावणेचार तासांहून अधिक वेळ लागतो. मुंगी त्यांच्यापेक्षां कितीतरी जलद! तरी बटण दाबतांच दिवा लागतो, कारण तार आधींच भरलेली आहे आणि ढकलण्याचा परिणाम जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें पुढें जातो. त्यांतून घरांतील वीज तर एका दिशेनें वाहतहि नाहीं. ती सेकंदास पन्नास वेळां पुढें-मागें होते, आणि तारेंतील इलेक्ट्रॉन केसाच्या जाडीच्या शतांशाहूनहि कमी अंतरांत डुलत राहतात. मग ऊर्जा पोंचते कशी, असें मुलें विचारतात. त्यांना आजीच्या रवीची आठवण द्यावी. ताक घुसळतांना दोरी पुढें जाते आणि मागें येते. ती कोठेंच जात नाहीं, तरी लोणी निघतेंच.

पाणी बरें कीं गर्दी बरी, या प्रश्नावर अमेरिकेंत डेड्रे गेंटनर आणि डोनाल्ड गेंटनर यांनीं केलेलें काम १९८३ साली प्रसिद्ध झालें. कांहीं विद्यार्थी मनांत विजेस पाण्यासारखी समजत, कांहीं धावणाऱ्या जमावासारखी. दोघांनाहि घटांच्या आणि रोधांच्या जोडण्यांविषयीं प्रश्न विचारले. पाणी मानणाऱ्यांना घटांचे प्रश्न अधिक चांगले सुटले, जमाव मानणाऱ्यांना रोधांचे. उपमा केवळ समजुतीचा दागिना नसून विचार करण्याचें हत्यार आहे, आणि जसें हत्यार तसें काम, हें त्यावरून दिसतें. त्यांना असेंहि आढळलें कीं, पाण्याचाच दाब ज्यांस नीट कळत नव्हता त्यांस पाण्याची उपमा देऊन लाभ झाला नाहीं. ठिबकच्या नळीजवळ वाढलेलें मूल या दृष्टीनें शहरांतील मुलाच्या पुढें आहे, आणि शिक्षकानें त्याच्या या भांडवलाचा उपयोग न करणें म्हणजे घरचें धान्य असतां उधारी आणणें होय.

समांतर जोडणीसाठीं मात्र गर्दीच घ्यावी. दिवे वाढले म्हणजे अडथळे वाढले, मग एकंदर धारा कमीच होणार, असें मुलांना हटकून वाटतें. भोकरदन तालुक्यांतील राजूर येथें गणपतीच्या दर्शनास अंगारकी चतुर्थीला लोटणारी गर्दी त्यांनीं पाहिलेली असते. एका अरुंद दारानें लोक आंत जात आहेत. शेजारीं तितकेंच अरुंद दुसरें दार उघडलें तर गर्दी अडते कीं मोकळी होते? दार स्वतः अडथळाच, पण दुसरा अडथळा शेजारीं उघडला म्हणजे वाट वाढते. एकामागें एक दोन दारें ठेवलीं तर मात्र रांग मंदावते. घरांतील दिवे, पंखा आणि मिक्सर समांतर कां जोडतात, आणि सर्व एकदम चालविले कीं फ्यूज कां उडतो, याचा उलगडा येथें होतो.

मोसंबी हें या जिल्ह्याचें नांव झालेलें फळ, आणि तेंहि वर्गांत उपयोगी पडतें. मोसंबींत तांब्याचा तुकडा आणि जस्त चढविलेला खिळा खोंचला तर व्होल्टमीटर पाऊण-एक व्होल्ट दाखवितो. अशीं दोन मोसंबीं जोडलीं तर दीड-पावणेदोन व्होल्ट. म्हणजे टॉर्चच्या सेलाइतका दाब. तरी टॉर्चचा दिवा लागत नाहीं. दाब आहे, पण फळाच्या पोटांतच रोध इतका कीं, बाहेर प्रवाह नांवालाच येतो. विभवांतर निराळें आणि धारा निराळी, हें सांगून जें पटत नाहीं तें हीं दोन फळें पटवितात. प्रयोगानंतर तीं खाऊं नयेत, एवढी सूचना द्यावी. धातूचा अंश त्यांत उतरलेला असतो.

असे स्वस्त साहित्याचे प्रयोग ही कांहीं नवी कल्पना नव्हे. मध्यप्रदेशांत होशंगाबाद येथें १९७२ साली सोळा शाळांतून अशा शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला व तो पुढें तीस वर्षें चालला. मुंबईस १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानें जळगांव जिल्ह्यांतील खिरोदा भागांत मराठी शाळांसाठीं काम केलें. नववीच्या पुस्तकांतील "धाराविद्युत" हें प्रकरण शिकवितांना फळा आणि खडू यांवरच थांबण्याचें कारण उरलेलें नाहीं.

एक गोष्ट मात्र कोणत्याहि उपमेच्या आवांक्यांत येत नाहीं, आणि ती जालन्याच्या औद्योगिक वसाहतींत रोज घडते. तेथील पोलाद कारखान्यांत भंगार लोखंड वितळविणाऱ्या प्रेरण भट्ट्या आहेत. पाण्यानें थंड ठेवलेल्या तांब्याच्या नळीचें वेटोळें भट्टीभोवतीं असतें, आंत भंगार. दोहोंच्या मध्यें भट्टीचें अस्तर. तार लोखंडास कोठेंहि शिवत नाहीं, तरी लोखंड लाल होतें, पांढरें होतें आणि पाण्यासारखें वाहूं लागतें. नळास न शिवतां शेजारच्या नळींत पाणी कसें वाहील? दोरीस न शिवतां शेजारची दोरी कशी फिरेल? याचें बीज फॅरडेनें १८३१ साली शोधलें : बदलत्या प्रवाहाभोवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र असतें, आणि तें क्षेत्र जवळच्या धातूंत नवीन प्रवाह उत्पन्न करितें. फॅरडेच्या या क्षेत्रास गणिताचें रूप देऊं लागतांना मॅक्सवेलनेंहि १८५६ च्या सुमारास एका काल्पनिक द्रवाचीच उपमा घेतली; पण हा द्रव खरा नव्हे, केवळ विचारास आधार म्हणून कल्पिलेला आहे, हें त्यानें आरंभींच स्पष्ट केलें. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानें जी खबरदारी घेतली ती नववीच्या शिक्षकानें घेण्यास कमीपणा नाहीं.

आतां त्या स्टार्टरच्या पेटीकडे परत वळावें. मुलांना एक चित्र काढावयास द्यावें : बांधावर डीपी, तेथून आलेली तार, विहिरीजवळ स्टार्टर, आणि ओल्या मातींत अनवाणी उभा असलेला माणूस. पेटींतील एक फेज पत्र्यास चिकटली आहे असें समजून फेरा बोटानें दाखवा, असें सांगावें. बोट डीपीपासून तारेनें पेटीपर्यंत येतें, पेटींतून हातांत, हातांतून छातींत, तेथून पायांत. आणि तेथें बहुतेक मुलें थांबतात. त्यांना डीपीच्या बुडाशीं जमिनींत गेलेली पट्टी दाखवावी. डीपीचा न्यूट्रल तेथें मुद्दाम जमिनीस जोडलेला असतो. म्हणजे चिखल हाच परतीचा रस्ता. दोरीची माळ पायाखालून पुरी होते. तारेवरच्या चिमणीचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणून तिच्यांतून फेरा होत नाहीं आणि ती खुशाल बसते. न्यूट्रल मिळत नाहीं म्हणून जमिनींत लोखंडी सळई ठोकून तिच्यावर दिवा लावण्याची जी वाईट खोड कांहीं वस्त्यांत आढळते, तिचाहि अर्थ मुलांना आतां कळतो : ती सळई सैल झाली, आणि कोणी तिला शिवलें, तर फेरा त्याच्या अंगांतून पुरा होतो.

पुढें आंकडेच बोलतात. ओल्या अंगाचा रोध दोन हजार ओहम धरला तर दोनशेंतीस व्होल्टला ११५ मिलिअँपिअर धारा वाहते. छातींतून तीस मिलिअँपिअरहून अधिक धारा कांहीं काळ गेली तर प्राणावर बेतूं शकतें; नऊ वॅटचा साधा एलईडी दिवा अदमासें चाळीस घेतो. स्टार्टरचा फ्यूज मात्र कित्येक अँपिअरचा, त्यास ११५ मिलिअँपिअरची दादहि नसते. माणूस चिकटून राहिला तरी तो उडत नाहीं. पेटीच्या पत्र्यास जाड आर्थिंगची तार जोडलेली असली तर फेज पत्र्यास लागतांच तिच्यावाटे मोठी धारा जाते आणि फ्यूज तत्काळ उडण्याचा संभव असतो; आणि तीस मिलिअँपिअरची गळती होतांच वीज तोडणारें आरसीसीबी नांवाचें बटण अलीकडे घरांतून बसवितात, शेतांत तें क्वचितच दिसतें. हा हिशेब फळ्यावर पुरा होईपर्यंत वर्गांतील दोन-तीन मुलें तरी आपापल्या विहिरीवरची पेटी डोळ्यांपुढें आणून तिला ती तार आहे कीं नाहीं, हें आठवूं लागलेलीं असतात.